डेल्फीनबाईंचा करार

डेल्फीन टॉलिव्हर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाई बेसबॉल संघाच्या मालकीण होत्या. आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता. गोऱ्यांच्या बड्या संघाचे मालक व्हिटकोम बाईंचा सर्वांत तेज खेळाडू फुकट न्यायला आले होते. तो गेला की मागोमाग सगळे जाणार होते.

"त्याचा माझ्याशी दोन वर्षांचा करार आहे," बाई म्हणाल्या.

व्हिटकोमनी कराराचा कागद न वाचताच बाजूला सरकवला. "ही रद्दी आहे."

बाईंनी कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"साहेब, मला वकील परवडला नाही. तुमच्या खेळाडूंचा करारच मी शब्द न् शब्द उतरवला, फक्त नावं बदलली. ही रद्दी असेल, तर तुमचेही सगळे खेळाडू आजपासून मोकळे. बाहेर वार्ताहर बसलेत. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

व्हिटकोमनी चष्मा लावला आणि ती रद्दी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.