तिळाचा पाव

तालुक्याच्या एका गावात दिगंबरशेठ कासार नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. त्यांनी एके दिवशी पिठाच्या गिरणीत आपल्याच बायकोविषयीची एक गोष्ट ऐकली, आणि तीही अर्धीच.

बायको म्हणजे इंदूबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या होत्या तोवर गिरणी कुठल्या आळीला आहे एवढंच शेठना माहीत होतं. आता ते स्वतःच डबा घेऊन जात. त्या सकाळी डबा रांगेत ठेवून ते बाहेरच्या कट्ट्यावर टेकले होते. आत लोंढेवहिनी आणि शकूमावशी बोलत उभ्या होत्या.

“देवळाचं नुसतं नाव हो,” शकूमावशी सांगत होती. “इंदू दर गुरुवारी दत्ताला म्हणून निघायची, आणि जायची कुठं? तर स्टँडसमोरच्या त्या सँडविचच्या दुकानात!”

“काहीतरीच तुमचं. ती बाई कोणाकडं घोटभर चहाला थांबायची नाही.”

“या डोळ्यांनी बघितलंय. काचेतून सगळं दिसतं. आणि एकटी नसायची हं. तिच्यासमोर एक खाकी कपड्यातला—”

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. घरघर सुरू झाली आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

गिरणी थांबली तेव्हा शेठ दारात उभे होते. शकूमावशीनं घाईघाईनं त्यांचा डबा पुढं सरकवला. “तुमचं आधी घ्या शेठ. आम्हांला काय, वेळच वेळ आहे.”

दळून झाल्यावर शेठनी डबा उचलला. दळण गरम होतं. घरी येईपर्यंत त्यांचा हात पोळत होता, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

आता शेठ वाईट माणूस होते का? छे. बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. फक्त एक होतं, की घरातलं सगळं तेच ठरवत. साडीचा रंग ते ठरवत, भाजी ते ठरवत, पंखा किती जोरात फिरेल ते ठरवत. सगळी मंडळी हॉटेलात गेली, की वेटर पाणी ठेवायच्या आत ते म्हणत, “सगळ्यांना मसाला डोसा. त्यातला एक कमी तिखट.” कमी तिखट त्यांचा स्वतःचा. इंदूबाईंना कधी कोणी विचारलंच तर त्या म्हणत, “काहीही चालेल.” गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय संसार आहे, वाद म्हणून नाही!

वाद नव्हता हे खरं. पण दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. नातेवाईक म्हणाले, “शेठ, बोला काहीतरी. बाईचं काही राहिलं असेल.” शेठनी हात जोडले. लेकीला अंतर देणार नाही म्हणाले. देवाचं सगळं करीन म्हणाले. कावळा समोरच्या झाडावरून नुसता बघत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. ते शेठच्या मनात तेव्हापासून रुतून बसलं होतं.

आता वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. लेक वैजयंता सासरहून आली होती. त्यांच्याकडे रीत अशी, की श्राद्धाला गच्चीवर पान वाढायचं आणि त्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीची एक वस्तू ठेवायची. मग ती शिऱ्याची मूद असो, चकली असो, नाहीतर भाजलेलं कणीस असो. वैजूनं विचारलं, “बाबा, आईसाठी काय ठेवायचं?”

“पुरणपोळी,” शेठ म्हणाले. विचार करावा लागला नाही.

“ती तुम्हांला आवडते.”

“मग अळूवडी.”

“तीही तुम्हांलाच.”

शेठ चिडले. “तू सांग मग! तू लेक आहेस ना तिची?”

“आठवत नाही हो बाबा,” ती म्हणाली. “आई सगळ्यांचं झाल्यावर बसायची. जे उरलं असेल ते खायची.”

हे गिरणीच्या आदल्या संध्याकाळचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतलं ते बोलणं. शेठच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. ज्या बाईला काही आवडत नव्हतं, ती दर गुरुवारी सँडविच खायला जायची? देवाचं नाव सांगून? आणि तो खाकीवाला कोण? पोलीस? चौकीदार? मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये हे त्यांना कळत होतं. पण कळतं म्हणून थांबतं थोडंच? दुपारी ते इंदूबाईंच्या तसबिरीला काच बसवून आणायला म्हणून बाहेर पडले. काच बसली, तसबिरीला चंदनाचा हार घातला, आणि तसबीर कागदात गुंडाळून काखेत मारून ते सरळ स्टँडसमोरच्या त्या दुकानात शिरले.

मोठ्या शहरांतून गल्लोगल्ली असतात त्यांतलंच ते एक दुकान. आत गार हवा. काचेखाली भाज्यांचे डबे मांडलेले. मागं काउंटरवर टोपी आणि हातमोजे घातलेली एक बाई. छातीवरच्या पट्टीवर नाव, फरजाना.

“बोला काका, काय देऊ?”

“एक सँडविच.”

“कुठलं?”

इथं एका शब्दात भागत नव्हतं. पाव कुठला, लांबी केवढी, आत पनीर की टिक्की, भाज्या कुठल्या, सॉस कुठला. पण शेठना ठरवायला कधी अडचण पडली नव्हती. “साधा पाव, छोटा. आत टिक्की. कांदा नको, मिरची नको, गोड सॉस.” एका दमात सांगून ते मोकळे झाले. फरजाना हसली. “काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक हवं. नाहीतर लोक इथं उभे राहून संसाराचा विचार करतात.”

शेठनी मग काखेतलं पुडकं सोडलं आणि तसबीर काचेवर ठेवली. “या बाईंना ओळखता?”

“या तर गुरुवारच्या काकू!” फरजानाचा चेहरा फुलला. “किती दिवस झाले, आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?” आणि मग तिचं लक्ष हाराकडं गेलं. तिनं हातमोजा काढला आणि तो हात तोंडावर ठेवला.

“उद्या तिचं वर्षश्राद्ध आहे,” शेठ म्हणाले. “तिला इथलं जे आवडायचं ते एक बांधून द्या. पानावर ठेवायचंय.”

फरजाना तसबिरीकडंच बघत राहिली. शेठच्या मागं कॉलेजातला एक मुलगा उभा होता. त्यानं घड्याळ बघितलं. “काका, जरा लवकर.” फरजानानं त्याला हातानंच थांबवलं.

“काका, राग नका मानू,” ती म्हणाली. “काकूंचं असं काही ठरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, काहीही चालेल. मी म्हटलं, अहो काकू, काहीहीचं सँडविच नसतं आमच्याकडं. तर ओशाळल्या. रांग खोळंबली. मग मागच्या माणसाकडं वळल्या आणि विचारलं, भाऊ, तुम्ही काय घेताय? तो जे म्हणाला तेच त्यांनी घेतलं. पुढं दर गुरुवारी तसंच. जो कोण मागं असेल त्याला विचारायच्या.”

शेठनी तसबीर स्वतःकडं ओढली. पण विचारायला आले होते ते विचारल्याशिवाय राहवेना. “कोणी खाकीवाला असायचा म्हणे.”

“ते मोरे कंडक्टर. त्यांची ड्यूटी त्याच वेळेला सुटते. ते मस्करी करायचे, काकू, आज मला विचारू नका, आज मी जहाल तिखट खाणार आहे. काकू म्हणायच्या, खाऊन बघू की, तिखट तरी आवडतं का कळेल. मग एका टेबलावर बसायचे दोघं. मोरे विचारायचे, काय काकू, आवडलं? त्या म्हणायच्या, अजून कळत नाही हो. एवढंच बोलणं. कधी मोरे नसले तर कॉलेजच्या पोरी असायच्या, कधी कोणी नसायचंच.”

शकूमावशीनं काचेतून बघितलं होतं ते खोटं नव्हतं. देवळाचं नाव सांगून ती जात होती. समोर परका पुरुष बसत होता. पण काचेतून दिसतं तेवढंच दिसतं. ती बाई तिथं काय शोधत होती ते रस्त्यावरून दिसण्यासारखं नव्हतं. शेठना आता वाटलं, याच्यापेक्षा शकूमावशीच्या मनातलं सगळं खरं निघालं असतं तर सोपं गेलं असतं. कोणावर तरी रागावता आलं असतं.

“शेवटचं मात्र आठवतं मला,” फरजाना हळूच म्हणाली. “त्या दिवशी मोरे मागंच होते. पण काकूंनी त्यांना विचारलं नाही. मला म्हणाल्या, फरजाना, आज मी माझं सांगणार. मोरेंनी टाळी वाजवली. काकू नव्या नवरीसारख्या लाजल्या. म्हणाल्या, पाव तिळाचा. मी पाव काढला, कापला. म्हटलं, पुढं? त्या डब्यांकडं बघत होत्या. अगदी ओठांवर आलं होतं काका. आणि फोन वाजला.”

“कोणाचा?”

“ते काय मला माहीत! किल्ली का काहीतरी सापडत नव्हती कोणाला. काकू म्हणाल्या, आलेच हं. मला म्हणाल्या, राहू दे गं, पुढच्या गुरुवारी सांगते. पाव तसाच राहिला.”

शेठना किल्ली आठवली. दुकानाच्या कोठीची किल्ली, फोन त्यांनीच केला होता. ती खुंटीला होती, त्यांच्या नाकासमोर. इंदूबाई धापा टाकत आल्या होत्या, किल्ली काढून हातात दिली होती, आणि शेठ म्हणाले होते, “देव काय पळून जातोय का? इतका वेळ लागतो देवळात?” पुढचा गुरुवार आलाच नाही. मंगळवारीच भाकऱ्या थापता थापता भिंतीला टेकून बसल्या, त्या उठल्या नाहीत.

“मग काय बांधू काका?” फरजानानं विचारलं. तिनं तिळाचा पाव काढून समोर ठेवला होता, मधोमध कापलेला.

आणि इथं शेठची खरी परीक्षा झाली. जीभ सवयीनं पुढं सरसावली होती. “पनीर घा—” एवढं बोलूनही झालं. मग ते थांबले. ओळीनं मांडलेल्या त्या डब्यांकडं त्यांनी बघितलं. कांदा आवडायचा तिला? घरात जेवणात कांदा कमीच असायचा, कारण त्यांना सोसत नव्हता. मिरची? आंबट? कडू? मागच्या मुलाला विचारावं असंही क्षणभर मनात आलं. पण तेही त्या बाईनं करून बघितलं होतं, आणि शेवटी सोडून दिलं होतं.

“नुसता पाव द्या,” शेठ म्हणाले.

“कोरडाच?”

“तिनं तेवढंच सांगितलंय. पुढचं मी नाही सांगणार.”

फरजानानं पाव कागदात बांधला. मागचा मुलगाही आता घड्याळ बघत नव्हता. शेठ स्वतःचं सँडविच न्यायला विसरले. ते काउंटरवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पान वाढलं. वरणभात, भाजी, वडे, खीर, आणि कडेला तो कोरडा पाव. वैजूनं बघितलं पण विचारलं नाही. शेठ हात जोडून उभे राहिले. या वेळी ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एक कावळा उतरला. बाकी कशाला त्यानं चोच लावली नाही, पाव तेवढा ओढून नेला. शेजारच्या गच्चीवरून शकूमावशी म्हणाली, “शिवला हो शिवला! पोचलं बरं बाईला!” शेठनी मान हलवली. पण त्यांना ठाऊक होतं, पावावर कावळा येतोच. दुकानामागच्या उकिरड्यावरसुद्धा येतो.

पाहुणे गेले. घर रिकामं झालं. संध्याकाळी वैजू पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहिली. शेठ दारात आले. कधी नव्हे ते त्या दारात उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “वैजू, आज तुझ्या आवडीचं करू काहीतरी. काय आवडतं गं तुला?”

वैजूनं वळून बापाकडं बघितलं. ती गोंधळली. मग आईसारखीच हसली.

“मला? काहीही चालेल बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल ते करते.”

शेठ तिथंच उंबऱ्यावर बसले. गॅसवर पाणी उकळत होतं. त्यात काय टाकायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

तात्पर्य: आपल्या माणसाला काय हवं ते त्याच्या हयातीतच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं, कारण ज्याला कधीच कोणी विचारत नाही, त्याला आपल्याला काय हवं होतं तेच पुढं आठवत नाही.