वाटण्या थांबवणारी अटकाबाई

त्या राज्यात कुणी जन्माला येत नसे. घरेच वाटून एकाची दोन होत.

वाटणीची रीत ठरलेली होती. आधी हात लांब करून चाचपायचे. शेजाऱ्याची भिंत हाताला लागली, म्हणजे जागा नाही. मग मुकाट्याने गप्प बसायचे. जागा असली, तर घरातल्या प्रत्येक वस्तूची हुबेहूब जोडी करून अंगणाच्या मधोमध रांग लावायची. दोन टोकांच्या खुंटांवरून दोर वळत यायचे, जोडीतली एक वस्तू इकडे, एक तिकडे ओढली जायची आणि मधे भिंत उभी राहायची. तंटा नाही, बखेडा नाही.

फोफावरावाने मात्र चाचपणे सोडले. त्याच्या एका घराची दोन झाली, दोनाची चार, आणि बघता बघता शेजाऱ्यांच्या ओसऱ्यांवर त्याचे खुंट रोवले गेले. "जागा नसेल तर करू की!" असे तो म्हणे. कालव्याचे पाणीही त्याने आपल्याकडे वळवले. समजावणारे थकले, तेव्हा राज्याबाहेरच्या अटकाबाईला बोलावणे गेले. ती वरच्या पाणवाटेने थेंबाथेंबाने उतरली.

तिच्याजवळ शस्त्र नव्हते, बटव्यात पूड होती. पुडीची चिमूट पडली, की वळता दोर उसवून त्याचा काथ्या व्हायचा. रांग लागलेली, दोर नाही, भिंत उठत नाही. असे घर पुढेही जाईना, मागेही येईना. दोन दिवस ताटकळून ते आपोआप खाली बसायचे. लोक तिला मारेकरीण म्हणू लागले. ती ठसक्यात सांगे, "मी मारत नाही. मी वाटणी थांबवते. शब्द नीट वापरा."

पण बाईची एक खोड होती. तिला चेहरे ओळखू येत नसत, फक्त वळत्या दोराची कुरकुर ऐकू येई.

पांढऱ्या कड्याच्या पोटात सोनाक्काची वस्ती होती. तिथल्या सगळ्या घरांचे मूळ सात जुन्या घरांत होते. घरे रोज वाटली जात आणि नव्या घरांतून लाल कपड्यांचे हमाल निघत. पाठीवर वाऱ्याच्या पखाली घेऊन ते सीमेपर्यंत जात. त्यांच्यावाचून राज्याला श्वास नव्हता. अटकाबाई येतेय हे कळताच सोनाक्काने, सगळे शहाणपण गोळा करून, नेमके चुकीचे केले. "ती पोचायच्या आत सगळ्यांनी वाटून घ्या रे!" असा तिने हुकूम सोडला. साऱ्या वस्तीत एकदम दोर कुरकुरू लागले. एवढा आवाज ऐकून अटकाबाई दुसरीकडे कशाला जाईल?

अर्धी वस्ती बसली. हमाल कमी पडले आणि राज्याला चार पावलांत धाप लागू लागली. सोनाक्का रडत अटकाबाईपुढे आली.

"बाई, फोफावरावाला काय करायचं ते करा. आमचं दार तेवढं सोडा."

"दार कसं सोडू? मला दार दिसतच नाही, आक्का. दोर वाजला की मी येणार."

"मग परत जा आल्या वाटेनं!"

"जाते. पण मग तो तुमच्या कड्यावर खुंट रोवील, ते चालेल?"

 सोनाक्काला या बाईचा संताप आला होता, आणि बाई खरे बोलत होती याचा जास्त.

अटकाबाई म्हणाली, "एक दिवस येईन, वीस दिवस फिरकणार नाही. माझ्या दिवशी तुमची सात जुनी घरं झोपू द्या. झोपलेल्या घराला मी हात लावत नाही. मी गेले की उठा."

पुढच्या खेपेला सोनाक्का स्वतः वस्तीच्या मोठ्या खुंटावर ठाण मांडून बसली. जुन्या घरांचे हात शिवशिवत होते. सीमेवरून हमालांसाठी निरोपावर निरोप येत होते. तरी तिने एकही दोर वळू दिला नाही. अटकाबाई कड्यावरून गेली. आत आलीसुद्धा नाही.

फोफावरावालाही कुणीतरी सल्ला दिला, की आजचा दिवस दम धरा. तो हसला. त्याला थांबायचे नव्हते असे नाही. थांबायचे कसे, हेच तो विसरला होता. त्याच्या अंगणात दोर वाजला, चिमूट पडली, घर बसले. मग दुसरे, मग दहावे. वीस दिवसांत त्याने जेवढे उभे केले, त्याहून अधिक तिच्या एका खेपेत बसे. मधल्या दिवसांत सोनाक्काची वस्ती उठून पुन्हा बाळसे धरी.

सहाव्या खेपेनंतर फोफावरावाच्या आळीत कुरकुर ऐकू येईना. अटकाबाईने बराच वेळ कान लावला, बटवा बांधला आणि ती उत्सर्जनाच्या वाटेने निघून गेली. कुणी निरोप दिला नाही, तिनेही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सातही घरांनी हात लांब करून चाचपले. जागाच जागा होती. दोर वळले, भिंती उठल्या आणि लाल हमालांची रांग कड्यातून बाहेर पडली. सोनाक्का त्यांच्याबरोबर पार सीमेपर्यंत चालत गेली. तिथे पाच लांबट डोंगर कित्येक महिने पांढरेफटक, गारठून पडले होते. हमालांनी पखाली उतरवल्या. एकेका डोंगराच्या टोकावरच्या नखाला गुलाबी छटा चढली. मग पाचही डोंगर एकदम हलले, हळूहळू वाकले, आणि सीमेपलीकडून आलेल्या तशाच पाच उबदार डोंगरांना त्यांनी घट्ट धरले.