कुमुदीची खिरापत

हं, पाय आवरा बघू. त्या कोपऱ्यातल्या शमीलाही पांघरुणात घ्या, कालच आलीय ती आपल्याकडे. जागा नाही म्हणे! बरं, ऐका आता.

एकदा काय झालं, तळ्याकाठच्या एका गावात मुलींचा भोंडला चालला होता. रोज एकीच्या अंगणात फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि मग झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. एके दिवशी फेरात एक अनोळखी पोर शिरली. नाव कुमुदी. गळा काय गोड! पण बाई, तिचं सगळंच नवल. कडकडीत उन्हातही परकराचे काठ ओले. खिरापत घ्यायची, पण खायची नाही, ओच्यात बांधायची. आणि कुठं राहतेस विचारलं की दुसरंच गाणं धरायची.

आवडी नावाच्या मुलीशी तिची गट्टी जमली. तिला कुमुदी म्हणाली, "घर सांगितलं की मला परत जावं लागेल ग. आईची अटच आहे. मला फेरात राहायचंय." आवडीनं पुन्हा विचारलं नाही. शहाणी होती, बरं का.

पण मथी फटकळ. सगळ्यांची पाळी झाली तशी म्हणाली, "आमच्या दारी हात पसरतेस, तुझ्या घरी कधी बोलावणार? फुकटी कुठली!" मेली जीभ! कुमुदीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती झाकलेला डबा घेऊन आली. "ओळखा," म्हणाली. गोदी म्हणाली लाडू. आवडी म्हणाली गूळपोहे. मथी म्हणाली खोबरं-साखर. "तिघीही जिंकलात," म्हणत कुमुदीनं झाकण काढलं. आत काय? रोजच्या खिरापतीतला तिचा वाटा, सगळा तसाच, न चाखलेला.

"मी फुकटी नाही ग, मथे. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. तळ्याच्या तळाशी चूल पेटत नाही."

"कुमुदे, बोलू नकोस!" आवडी ओरडली. पण घर तर सांगून झालं होतं. कुमुदीनं आवडीचा हात घट्ट धरला, मग सोडला, आणि चालू लागली. मुली मागं धावल्या. तळ्याच्या पायरीवर ओली पावलं तेवढी उरली होती. मथी तिथंच बसून ओक्साबोक्शी रडली. "ये ग, पुन्हा नाही बोलणार." पण कोण येतंय!

मग मुली मोठ्या झाल्या, आपापल्या घरी सुखानं नांदल्या. गावातल्या गावात दिलेली मथी मात्र म्हातारी झाली तरी भोंडल्यात खिरापतीचा पहिला वाटा पायरीवर नेऊन ठेवायची. आणि तिथल्या फेरात अजून एक जागा मोकळी ठेवतात.

चला, डोळे पुसा नि निजा. शमी कुठं गेली ग? अगोबाई, मधे घेतलीत होय!