रंगोबाची पिसं

विहिरींना कठडे नव्हते, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला रंगोबा नावाच्या सुगरण पक्ष्याने अर्धा खोपा विणला. रीतीप्रमाणे चंद्री नावाची पक्षीण तो पारखायला आली. झोके घेऊन म्हणाली, "पसंत आहे हो! आता लवकर पुरा करा."

पण रंगोबाचं मन भरेना. "आधी शिवण शिकून येतो," म्हणत तो शिंपी पक्ष्याकडे गेला. शिंप्याने विद्या दिली आणि खूण म्हणून शेपटीत खोवायला एक पीस दिलं. ते मिरवताना त्याला इतकं बरं वाटलं, की तो पाकोळीकडे चिखलकाम शिकायला गेला, मग सुतार पक्ष्याकडे कोरीवकाम. शेपटी भरत गेली.

परतला तेव्हा गवत पिवळं पडू लागलं होतं. उरल्यासुरल्या हिरव्या पात्यांनी त्याने असा देखणा खोपा विणला, की सारी बाभूळ बघत राहिली. चंद्रीही आली. तिच्या मागोमाग शेजारच्या वेड्यावाकड्या खोप्यातली तिची पिल्लं उडत आली.

"फार सुरेख झालाय," ती हळूच म्हणाली. "पण अंडी थांबत नाहीत हो."

ती गेल्यावर रंगोबाने शेपटीतली पिसं एकेक करून उपसली आणि रिकाम्या खोप्यात मऊ अंथरली.