आज प्रार्थना नको

"मग मी तिच्या घरी जाऊन करू तरी काय, बाबा?"

ओहोळबाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. ते चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू. चर्चच्या मागे मिशनची एक खोली होती, तिच्यात एकटे राहायचे. विचारणारा सुमंत रणभिसे हा आताचा पाळक. त्याच्याकडून लहानपणी बायबलची वचनं पाठ करवून घेतली ती बाबांनीच, आणि पाळक होण्यासाठी शहरात शिकायला पाठवला तोही बाबांनीच.

"शेंगा सोल," बाबा म्हणाले.

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मग गंभीरपणे सोल. किडके दाणे बाजूला टाक."

सुमंत मांडी घालून बसला. शेंगा सोलू लागला. त्याला ते जमत नव्हतं.

उन्हाळ्यात चर्चच्या मंडळीचा टेम्पो पुलावरून कोसळला होता. दूरच्या गावी गाण्याचा कार्यक्रम होता, तिथून सगळे परत येत होते. गाणाऱ्यांपैकी तिघं गेली. टेम्पो चालवणारा बेन्यामीनही गेला. त्याच्या शेजारी सुमंत बसला होता. त्याचा हात मोडला. पुढे तो जुळून आला.

तीन घरांपुढे मंडळीने रांग लावली. चौथ्या घरी कोणी गेलं नाही.

बेन्यामीन दारू प्यायला होता, असं गावात ठरलं. कोणी पाहिलं नव्हतं, म्हणूनच ठरलं. पाहिलं असतं तर वाद झाला असता. ठरवणारी माणसं सभ्य होती. दर रविवारी पहिल्या बाकावर बसत आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची गीतं तालासुरात म्हणत.

पाळकाला कोणी विचारलं नाही. पाळकानेही कोणाला सांगितलं नाही.

बेन्यामीनची आई सालोमीबाई. मिशनच्या बालवाडीत खिचडी शिजवायच्या. मुलांच्या आयांनी निरोप पाठवला, थोडे दिवस येऊ नका. ते थोडे दिवस अजून संपले नव्हते.

"तू जातोस ना तिच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"जातो की. आपली सांत्वन सेवा चालू केलीय ना मी, त्या यादीत तिचं घर आहे. एका दुपारी सात-आठ घरं होतात माझी."

"होतात म्हणजे? पोलिओचे डोस पाजत फिरतोस?"

"बाबा, आधी एवढंही कोणी करत नव्हतं."

"खरंय. मी तर एका दुपारी एकाच घरी अडकायचो. ...मग आता काय झालं?"

"ती दार उघडत नाही."

"काही बोलते?"

"आतून म्हणते, पाळकसाहेब, प्रार्थना बाहेरूनच करून जा."

"आणि तू?"

...

"केली."

बाबा हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

"दार उघडत होती तेव्हा काय व्हायचं?"

"वचन वाचायचो. मग ती म्हणायची, पाळकसाहेब, एक विचारू? मी म्हणायचो, आधी प्रार्थना करू या."

"मग?"

"प्रार्थना करायचो."

"मग?"

"मग... निघायचो."

ही रीत सगळ्या मंडळ्यांत आहे. पाळकाने प्रार्थना केली की भेट संपली. आमेन झालं की घरची बाई पदर सावरत उठते आणि पाळक चपला शोधतो. आमेननंतर पाळकाला कोणी काही विचारत नाही. ते बरं दिसत नाही.

"तुझी प्रार्थना म्हणजे कंडक्टरची डबल घंटी झाली रे," बाबा म्हणाले. "वाजली की गाडी सुटली. म्हातारी अजून पायरीवर का असेना."

सुमंतने शेंग खाली टाकली.

"तुम्ही प्रार्थनेची थट्टा करताय."

"प्रार्थनेची नाही. तुझी."

...

"काय विचारायचं असेल तिला?" बाबांनी विचारलं.

"मला कसं कळणार?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. सुमंत शेंगांकडे पाहत राहिला.

"ऊठ. जाऊ तिच्याकडे."

"आत्ता? बाबा, तीनला युवक संघ आहे."

"तरुण आहेत ना? थांबतील."

बाबांनी टोपलीवर फडकं टाकलं. काठी घेतली. दारात थांबले.

"एक अट आहे. आज प्रार्थना करायची नाही."

सुमंतला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मी पाळक आहे, बाबा."

"म्हणूनच. दुसऱ्या कोणाला नको म्हणालो नसतो."

"प्रार्थना करायची नाही, तर किती वेळ बसायचं? निघायचं कसं?"

"तेच बघायचंय मला," बाबा म्हणाले. "तुला कसं निघता येतं ते."

घर लांब नव्हतं. पत्र्याचं छप्पर, पुढे दोन पायऱ्या. दार बंद. बाबांनी काठीने दार वाजवलं.

"सालोमी, मी एझ्रा. चहा पाज."

आतून आवाज आला, "सोबत कोण आहे?"

"पाळक आहे. आज मुका आहे."

बराच वेळ काही झालं नाही. मग कडी निघाली.

सालोमीबाईंनी दोघांना जय ख्रिस्त केलं. बाबांना खाट दाखवली. सुमंतला काहीच दाखवलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"साखर संपलीय, बाबा."

"बिनसाखरेचा दे. डॉक्टर खूश होईल."

चहा आला. बाबांनी फुंकर घालत प्यायला. सुमंतने कप हातात धरून ठेवला.

शेजारची कोंबडी उंबरा ओलांडून आली, दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि निघून गेली. सुमंतला तिचा हेवा वाटला असावा.

त्याने फोन काढला. ठेवला. पिशवीतल्या बायबलकडे हात नेला. बाबा बघत होते. हात परत आला.

"सालोमीबाई," तो शेवटी म्हणाला, "देव सगळ्यांचं..."

"देव त्याचं बघेल," बाबा म्हणाले. "तू चहा पी."

...

सालोमीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आज आमेन कधी, पाळकसाहेब?"

"आज नाही."

"म्हणजे?"

"बाबा नको म्हणाले."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कपाचा तळ पाहत होते.

"मग एक विचारू?"

सुमंतने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. त्याला कोणी धरलं नव्हतं.

...

"विचारा."

"माझा बेनू प्यायला होता का?"

सुमंतने भरलेला कप खाली ठेवला.

"तुम्ही त्याच्या शेजारी होता," सालोमीबाई म्हणाल्या. "तो बोलला असेल तेव्हा त्याच्या तोंडाचा वास तुम्हाला आला असेल. मी तिथे नव्हते. तो घेत नव्हता हे मला माहीत आहे, पण लोक म्हणतात आईला काय कळतं. तर तुम्ही सांगा. प्यायला असेल तर प्यायला होता म्हणा. मी मंडळीत येऊन मागे बसेन, मान खाली घालून. त्या तिघांच्या घरी जाऊन पाया पडेन. पण मला सांगा. घरात बसून बसून मलाच आता त्याचा भरवसा वाटेनासा झालाय."

सुमंतचे हात आपोआप जुळले. डोळे मिटले.

"हे प्रभू, आमच्या या भगिनीला..."

बाबा खाटेवरून उठले. गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले. त्यांनी सुमंतचे जुळलेले हात सोडवले. एक हात त्याच्या एका गुडघ्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्या. मग परत जाऊन खाटेवर बसले.

सुमंतने डोळे उघडले.

...

"नाही," तो म्हणाला. "प्यायला नव्हता."

सालोमीबाईंचं बोट पदरात तसंच राहिलं.

"मग झालं काय?"

"त्याला झोप आली होती. आदल्या रात्री जातानाही टेम्पो त्यानेच चालवला होता. दुपारची जेवणं झाली तेव्हा माझ्याकडे आला. म्हणाला, पाळकसाहेब, तासभर झाडाखाली पडू द्या, मग निघू."

"मग?"

"मी म्हणालो, संध्याकाळची उपासना आहे. मंडळी खोळंबेल."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, डोळे जड झालेत."

"आणि तुम्ही?"

...

"मी म्हणालो, प्रार्थना करू या आणि निघू या."

"केली?"

"केली."

"त्याने आमेन म्हटलं?"

सुमंतने होकारार्थी मान हलवली.

"म्हणणारच," सालोमीबाई म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं."

बाबांनाही हे आजच कळत होतं.

सालोमीबाई उठल्या. बाबांचा रिकामा कप उचलला. सुमंतसमोरचा भरलेला कप घेतला, मागच्या दारी नेला आणि चहा मोरीत ओतला. मग तिथेच, पाठ करून बसल्या.

रडण्याचा आवाज आला नाही. तो आला असता तर सुमंतला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसासाठी काय म्हणायचं, हे त्याला शिकवलेलं होतं.

"मी रविवारी सांगेन," तो त्यांच्या पाठीला म्हणाला. "मंडळीसमोर उभा राहून सांगेन. चूक माझी होती."

"रविवार लांब आहे, पाळकसाहेब."

...

"आज गिरणीवर गर्दी असते," सालोमीबाई म्हणाल्या. "बेनू प्यायला होता, हे तिथेच ठरलं."

सुमंतने बाबांकडे पाहिलं. बाबा छताचे पत्रे पाहत होते.

तो उठला.

गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया होत्या. बाकावर दोन-तीन पुरुष होते. त्यात मंडळीचे खजिनदार शांतवन तोरणे होते, पहिल्या बाकावर बसणारे. सुमंत मधोमध उभा राहिला आणि सांगितलं. गिरणी चालू होती, म्हणून ओरडून सांगावं लागलं. तरी कोणाला नीट ऐकू आलं नाही. गिरणीवाल्याने बटण दाबून गिरणी बंद केली.

मग त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं, शांततेत.

"पाळकसाहेब," तोरणे उठून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे असं चारचौघांत कशाला? झालं गेलं. आपण कमिटीत बघू."

"बेनूचं कमिटीत ठरलं होतं का?" सुमंतने विचारलं.

एक बाई पिठाचा डबा डोक्यावर घेता घेता थांबली. तिची नात बालवाडीत होती. तिने डबा खाली ठेवला आणि त्याचं झाकण विनाकारण उघडून परत लावलं.

"माझं ऐका," तोरणे म्हणाले. "आता एवढं बोललाच आहात तर एक छोटी प्रार्थना करा आणि हे इथेच संपवा. सगळ्यांना बरं वाटेल."

काही बायांनी डोक्यावर पदरही घेतला.

सुमंत त्यांच्याकडे पाहत राहिला.

"नको," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

गिरणी पुन्हा चालू व्हायला वेळ लागला.

तो परत आला तेव्हा बाबा पायऱ्यांजवळ काठीवर रेलून उभे होते. सालोमीबाईंचं दार बंद होतं.

"कधी लावलं?"

"तू गेल्यावर."

"काही म्हणाली?"

"नाही."

सुमंतने दार वाजवायला हात वर केला. वाजवलं नाही. खाली केला. गिरणीवर काय झालं ते त्याने बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. शाबास म्हटलं नाही.

आत भांड्याचा आवाज झाला. मग काही नाही.

सुमंत पायरीवर बसला. फोन वाजला. युवक संघाचा होता. त्याने तो वाजू दिला.

"बाबा..."

"हं."

"ती मला क्षमा करील ना?"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. हळूहळू वाकत त्याच्या शेजारी पायरीवर बसले. पाय लांब केले.

"तिला घाई करू नकोस."