बोंडलं आणि हाक

सकाळचे सव्वाअकरा झाले होते. एका गावात हौसा नावाची एक सून सासूला पेज भरवायला बसली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तिच्या सासूला, गजराबाईला, अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला होता. उजवी बाजू लुळी, जीभ जड. हौसा तिचं सगळं मनापासून करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

शेजारी तुळसाकाकू राहायच्या. त्यांचे मालक वारून वर्ष झालं होतं. कालच त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "हौसे, बुधवारी आरोग्य केंद्रात नर्सबाई शिकवतात. आजारी माणसाला कसं उठवायचं, कसं भरवायचं. चल की माझ्यासंगं."

हौसा हसली. "सेवेची काय शाळा असते का काकू? आणि तुमच्या घरी तर आता आजारी कुणी नाही. तुम्ही कशाला जाता?"

काकू तशाच घरात गेल्या.

हौसानं आपलं लेकरू बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीनं, दूध पाजून वाढवलं होतं. मांडीवर आडवं घ्यायचं, मान जरा मागं, बोंडल्याची चोच ओठाशी धरायची. लेकरू काय अन् म्हातारं माणूस काय, सारखंच, असं म्हणून ती सासूलाही तसंच पाजायची. सासूला रोज ठसका लागायचा. रोज निभायचं.

त्या दिवशी निभलं नाही. गजराबाईचे डोळे मोठे झाले. खोकला येईना, आवाज फुटेना. ओठ निळे पडू लागले. डाव्या हातानं तिनं सुनेचा पदर गच्च धरला.

कुंपणापलीकडं काकू धुणं वाळत घालत होत्या. दहा पावलांवर. हौसानं तोंड उघडलं, अन् कालचं आपलंच बोलणं आठवलं. कोणत्या तोंडानं बोलवायचं? तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

सासूची पदरावरची मूठ सुटली.

"काकूऽऽ! धावा हो! मला येत नाही!"

काकू ओल्या हातांनीच आल्या. "पाणी नको! आधी बसव तिला. पुढं वाकव. धर घट्ट!" दोन खांद्यांच्या मधोमध त्यांनी तळहातानं जोरात थापा मारल्या. एक. दोन. तीन. चौथ्या थापेला पेजेची शितं बाहेर पडली. गजराबाईनं श्वास ओढला, खोकली, अन् रडायला लागली. ते रडणं ऐकून हौसानं तिला छातीशी धरलं.

मग दोघींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली. वाचली म्हणाले.

परत आल्यावर हौसा म्हणाली, "काकू, काल मी फार टोचून बोलले."

काकूंनी ते बोंडलं हातात घेतलं. "मालकांना मीही असंच पाजलं गं. त्यांचा श्वास अडकला तेव्हा कुंपणापलीकडं शिकलेलं कुणी नव्हतं. म्हणून जाते मी."

बुधवारी दोघी गेल्या. आता गजराबाई पाठीला उशी लावून ताठ बसते, हनुवटी खाली घेते. एक घास गिळला की मगच दुसरा चमचा.

तात्पर्य: नुसता जीव लावून भागत नाही, सेवाही शिकावी लागते, आणि अडल्यावर हाक मारण्यात कमीपणा नसतो.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला असेल, तर त्याचं करणाऱ्या बाईला एवढं नक्की सांगा. आजच सांगा.