पायरीवरचं नाव

फड्, फड्, फड्... मग सुपाच्या कडेशी दाणे गोळा झाल्याचा बारीकसा आवाज.

पन्नासावर वर्षं झाली असतील. कानातून गेला नाही.

पूर्णेकाठच्या एका मठात, स्वयंपाकघराच्या भिंतीमागे एक बाई ज्वारी पाखडत होती. भिंतीच्या अलीकडे घाट. घाटाच्या वरच्या पायरीपाशी मी टाकी-हातोडा घेऊन बसलो होतो. मी पाथरवट. माझ्याशेजारी मठाचे धोंडीबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे त्यांचा शिष्य उभा होता.

"मग आता तरी नाव बदलून द्याल ना, महाराज?" तो विचारत होता.

बाबा नदीकडे पाहत राहिले...

त्या मठाची एक रीत होती. ज्याला पहिल्यांदा कीर्तनाला उभं करायचं, त्याचं नाव आदल्या दिवशी घाटाच्या पायरीवर कोरायचं. देवळात नाही, भिंतीवर नाही. पायरीवर. माणसं पाण्याला जाताना त्यावर पाय देऊन जात.

माझी शाळा दोन वर्षांची. अक्षरं कोरता यायची, वाचायला वेळ लागायचा. त्या दिवशी दगडावर गेरूने अक्षरं आखून ठेवली होती, शिष्याने कागदावर लिहून दिली होती तशीच. चिदानंद.

त्याचं खरं नाव उकंडा.

आमच्या वऱ्हाडात उकंडा म्हणजे उकिरडा. शेणाकेराचा ढीग. पोरगा फार गुणी होता. मठातल्या अकरा वर्षांत त्याचा गळा असा तयार झाला होता की तो गाऊ लागला की मी हातोडा खाली ठेवायचो. पण कुणी नावाने हाक मारली की त्याची मान खाली जायची.

मी कोरायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी त्याची आई आली होती. पार्बताबाई. कीर्तनानंतरच्या भंडाऱ्याच्या जेवणासाठी ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन पाच कोस चालत आली, आणि दारातूनच ओरडली, "उकंड्या, हायेस काय रे बाप्पा?"

बाकीच्या शिष्यांना तेवढं पुरलं. दिवसभर कुणी ना कुणी बारीक आवाज काढून त्याला तशीच हाक मारत होतं. शेवटी त्याने आईला बाजूला नेलं आणि सांगितलं, चार लोकांत मला हाक मारत जाऊ नको. ती बरं म्हणाली. मागे गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूप घेऊन बसली.

भिंतीपलीकडे पाखडत होती ती तीच.

नावाचं त्याने तीन आठवड्यांपूर्वीच काढलं होतं. बाबांनी तेव्हा हो-नाही काही म्हटलं नव्हतं. या मुलखात तुझ्या नावाचं, चारचौघांनी वाखाणावं असं जे जे असेल ते पाहून ये, एवढंच म्हणाले होते. परत आल्यावर तू म्हणशील ते करू.

शिष्य तेव्हा हसला होता. "उकिरड्याला कोण वाखाणतं, महाराज? तुमचं बरं आहे. धोंडा निदान धुता तरी येतो."

बाबा त्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

तो गेला, फिरला आणि परवा परत आला होता. बाबांनी आजवर काही विचारलं नव्हतं.

"सांग, काय पाहिलंस," बाबा आता म्हणाले.

त्याने आधी विहिरीचं सांगितलं. उकंडा नावाची विहीर. मोठ्या दुष्काळात सात गावं तिच्यावर जगली. तळ कुणाला दिसला नाही. ती विहीर मला ठाऊक होती, तिचे चिरे माझ्या बापाने बसवलेले. भर वैशाखात हात घातला तर कोपरापर्यंत गार व्हायचा. मी तसं म्हणालो. बाबांनी मान हलवली.

मग एका बैलाचं. नदीच्या पात्रात लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी असताना लोंढा आला, जोडीचा बैल खाली बसला, आणि या उकंड्याने एकट्याने नवरा-नवरीसकट गाडी काठावर ओढून काढली. तो मेल्यावर गावाने त्याचा ओटा बांधला. पोळ्याला पहिला नैवेद्य अजून तिथे ठेवतात.

याच नावाचा एक पैलवान भेटला. आता म्हातारा झालेला. कुस्तीत समोरच्याला आपटताना तो आपला तळहात त्याच्या डोक्याखाली सरकवायचा. दगड लागू नये म्हणून. एवढ्या उचलाउचलीत ते भान त्याला कसं राहायचं, देव जाणे.

"आणि एक बाई," शिष्य म्हणाला.

उकंडाबाई. सुईण. त्या भागातली दोन पिढ्यांची लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. याचं नाव ऐकून ती एवढी हसली की तिला ठसका लागला. त्याला जवळ बसवून म्हणाली, "ये रे बाप्पा. आपण दोघं एकाच ढिगावरचे." मग भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला. निघताना म्हणाली, "तुह्या मायले माहा रामराम सांगजो."

हे सगळं सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. त्याला ते कळत नव्हतं. मलाच ऐकून बरं वाटत होतं, की एवढ्याशा मुलखात एका नावाची इतकी चांगली माणसं, इतकं चांगलं पाणी, इतकं चांगलं जनावर.

"मोठी आहेत सगळी," तो शेवटी म्हणाला. "ओट्यालासुद्धा नमस्कार करून आलो. पण महाराज, उद्या शंभर लोकांपुढे उभं राहायचं... आणि नाव काय, तर उकिरडा?"

भिंतीपलीकडे सूप चाललं होतं. फड्, फड्.

बाबांनी विचारलं, "त्या विहिरीच्या आधी किती खणल्या होत्या?"

"आधी?... तीन. तिन्हींना खडक लागला. म्हणून चौथीचं नाव..."

तो थांबला.

आमच्याकडची ती रीतच आहे. घरात लेकरं जगत नसली की पुढचं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. हे टाकलेलं आहे, हे कुणाला नको आहे, असं दाखवायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे न बघता पुढे जातं. मग दुसरीच एखादी बाई त्याला सुपात उचलून आणते आणि त्याच्या आईला देते. मूल जगलं तर नाव तेच. माणसं विहिरीलाही तसंच करतात. वासरालाही.

"बैलाच्या आधी?"

"दोन वासरं गेली होती. मालकाने सांगितलं."

"आणि पैलवानाच्या?"

पैलवानाच्या आधी पाच भाऊ झाले होते, एकही जगला नाही. ते त्याने मिशीवर हात फिरवत सांगितलं होतं, पण सांगण्याआधी तो बसल्या जागेवरून उठून उभा राहिला होता. शिष्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

सुईणीच्या आधीचं बाबांनी विचारलं नाही. तिचा रामराम पोचवलास का, एवढंच विचारलं.

"राहून गेलं," तो म्हणाला.

नदीवर एक टिटवी ओरडून गेली...

"तुझ्या आधी किती?" बाबांनी विचारलं.

त्याने गेरूच्या अक्षरांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. अकरा वर्षांत काय काय पाठ केलं होतं त्याने. एकदा सुरू झाला की सकाळची दुपार व्हायची.

"ते कधी... विचारलं नाही," तो म्हणाला.

मला अवघडल्यासारखं झालं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी टाकी उचलली आणि पहिल्या अक्षरावर टेकवली. हातोडा उगारणार, तोच बाबांनी वाकून आपला तळहात टाकीच्या डोक्यावर ठेवला.

"थांब, तानबा," ते म्हणाले. "सूप थांबलंय."

मी कान दिला. खरंच थांबलं होतं. कधी थांबलं ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

शिष्य पायरीवरून वर आला. त्याचा पाय गेरूवर पडला, त्याने खाली पाहिलं नाही. भिंतीला वळसा घालून तो मागे, आईकडे निघून गेला.